दोन ठोक्यांच्या मध्ये

१

वरच्या मजल्यावरची नेहा त्या दुपारी खाली आली ती वही-पेन घेऊनच. ती आणि तिचा नवरा साईराज पहिल्यांदाच परदेशात फिरायला चालले होते, ग्रीसला. नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये परदेश बघून आलेला ड्रायव्हर मी एकटाच, म्हणून सल्ला घ्यायला माझ्याकडे. तिकडे गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावं, एवढंच तिला विचारायचं होतं. साईराज गाडीसाठी हटून बसला होता म्हणे.

पोरगी बिल्डिंगमध्ये नवीन. माझी बायको आशा पोर्तुगालमध्ये अपघातात गेली हे तिच्या कानावर आलं होतं, पण कशी गेली ते कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. मी चहा टाकला आणि सांगितलं, बसने फिरा. दहा वेळा विचारलंस तरी बसनेच फिरा. तिने विचारलं, का. मग गेले एकवीस महिने सगळ्यांना सांगत आलोय तेच तिलाही सांगितलं. आशा माझ्या बसवर अकरा वर्षं कंडक्टर होती. घंटीचा एक ठोका म्हणजे सिंगल, गाडी थांबव. लागोपाठ दोन म्हणजे डबल, चल. तिकडे भाड्याच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. मुख्य रस्त्यावर निघताना तिने डॅशबोर्डवर डबल दिली, मी गाडी काढली, आणि तिच्याच बाजूने ट्रक आला.

नेहाने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे काकूंची चूक झाली."

एकवीस महिन्यांत हे इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं. लोक नुसते च्‌ च्‌ करायचे आणि विषय बदलायचे. मी कप उचलला आणि म्हटलं, "हं."

टक्.

एकच. माझ्या उजव्या हाताला, कोपरापासून वीतभर अंतरावर. अंगठी कडक प्लास्टिकवर आपटली की येतो तो आवाज. माझा हात कपासकट अर्ध्यात थांबला. उजवीकडे भिंत होती, भिंतीवर पालिकेचं कॅलेंडर होतं, बाकी काही नव्हतं. नेहाने मान वर केली असं मला वाटलं, पण ती वहीत 'बस' असं लिहीत होती आणि त्याखाली दोन रेघा मारत होती. ती गेली तेव्हा माझा चहा गार झाला होता आणि कप अजून हातातच होता.

२

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तीस वर्षं गाड्या हाकल्या. घोडबंदरच्या रस्त्याला पहाटेच्या पाळ्या केल्या. लोक काय काय सांगायचे त्या रस्त्याचं. मला खड्ड्यांशिवाय कधी काही दिसलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा टक् झालं तेव्हा मी सरळ प्लंबरला बोलावलं. त्याने बाथरूमपासून किचनपर्यंत सगळे नळ वाजवून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, पाइप में कुछ नहीं है, आप आराम करो." मग मी पंप किती वाजता सुरू होतो ते पाहिलं, वर कोण खुर्ची सरकवतंय ते पाहिलं. काही जुळेना.

मला खटकत होता तो आवाज नाही, त्याची बाजू. तो नेहमी उजवीकडूनच यायचा. आपल्याकडे ड्रायव्हरच्या उजव्या हाताला कोणी नसतं, तिथे खिडकी असते. अकरा वर्षांत आशाचा प्रत्येक ठोका मी डाव्या कानाने किंवा पाठीमागून ऐकलाय. ती माझ्या उजवीकडे बसली ते फक्त चार दिवस, तिकडे, त्या गाडीत. मी खुर्ची सरकवून उजवा खांदा भिंतीला टेकवून बसलो, म्हटलं आता कुठून येतोस बघू. आला. भिंत आणि खांदा यांच्यात कागद जाणार नाही एवढ्या जागेतून आला.

आणि आला की मी थांबायचो. हे कोणाला सांगायची लाज वाटते. सिंगल मिळाली की गाडी उभी करायची आणि डबल मिळाल्याशिवाय हलवायची नाही, हा नियम माझ्या डोक्यात नाही, पायात बसलाय. एक चप्पल घातलेली, एक हातात, असा मी दारात उभा राहायचो आणि दुसऱ्या ठोक्याची वाट बघायचो. तो काही येत नसे. सुरुवातीला मिनिटभरात पाय सुटायचे. मग पाच मिनिटं लागायला लागली. मग एका बुधवारी मी बेसिनसमोर उभा होतो, तोंडात ब्रश, आणि खालच्या शाळेची पोरं आत गेली तेव्हापासून सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मी स्वतःला शिव्या घातल्या, अरे मूर्खा, हल, तुझंच घर आहे. पाय ढिम्म हलले नाहीत.

३

आशाची आणि माझी गाडी एकच लागायची, हे कसं जमायचं ते डेपोतल्यांनाच माहीत. सगळे चिडवायचे, महिपतरावांना घरी पण सिंगल आणि बाहेर पण सिंगल. मला राग यायचा, ती हसायची. घंटीची दोरी कधी धड नसायची, मग ती बोटातली चांदीची अंगठी दांड्यावर मारायची. टक् म्हणजे थांब, टकटक म्हणजे चल. गर्दीत शंभर आवाज असले तरी मला तिचा ठोका कळायचा. आमची मुलगी मिनल शाळेतून सुटली की आमच्याच गाडीत बसून गृहपाठ करायची, तिलाही कळायचा.

शेवटची फेरी झाली की आशा नवघर नाक्याला उतरायची, घर तिथून जवळ. मला रिकामी गाडी डेपोत लावायला पुढे जावं लागायचं. उतरल्यावर ती बाहेरून गाडीच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थापटायची. धप धप. जा आता. मग आरशात ती दिसायची, खाकी कोट, खांद्याला बॅग, पाठमोरी चालत निघालेली. मागे वळून बघायची तिला सवय नव्हती. मी हॉर्न द्यायचो, एकदाच, छोटासा. अर्ध्या तासात येतो, भात टाक, एवढंच त्यात असायचं. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण एकदा हॉर्न बिघडला होता तर घरी आल्यावर ती फुगून बसली होती.

४

मिनल आणि आमचे जावई नीलेश पोर्तुगालला गेले, ब्रागा म्हणून शहर आहे तिथे. आम्ही दोघं रिटायर झाल्यावर मिनलने महिनाभरासाठी बोलावलं. मी निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला. आशा म्हणाली, कशाला, मिनल म्हणते तिकडे बस चांगल्या आहेत. मी म्हटलं, जन्मभर लोकांना फिरवलं, आता तिकडे जाऊन मागच्या सीटवर बसू?

उत्तनचा व्हिन्सेंट माझ्याबरोबर डेपोत होता. त्याआधी सात वर्षं त्याने आखातात उजव्या बाजूने ट्रक चालवलाय. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. त्याने आधी काम सांगितलं: तिकडे डोंगरावर मोठं चर्च हाय, तिथं माझ्या एडनाच्या नावानं एक मेणबत्ती लाव. एडना त्याची बायको, वारली होती. मग गाडीचं विचारलं तर म्हणाला, "पयले दोन-तीन दिस तू भिशील, तवा काय व्हनार न्हाय. चवथ्या दिशी भीती जाते आनी हात जुन्या वळनावर येतो. त्या दिशी गाडी काडू नको." मी हसलो.

पहिले दहा दिवस आम्ही बसनेच फिरलो आणि आशा काय खूश होती. बस आली की आधी ती चाकाकडे बघायची, मग माणसं मोजायची, सवयीने. तिकडे कंडक्टर नसतो. ड्रायव्हरच तिकीट देतो आणि उतरायचं असलं की लोक बटण दाबतात. तिला त्या ड्रायव्हरची फार दया यायची. एक दिवस उतरताना ती त्याला 'ओब्रिगादा', म्हणजे तिकडचं थँक्यू, म्हणाली, हा एकच शब्द शिकली होती, आणि खाली आल्यावर मला म्हणाली, "अहो, सगळे त्याला थांब म्हणतात. चल म्हणायला कोणी नाही बिचाऱ्याला."

आणि मी तिच्या शेजारी खिडकीला नाक लावून बसलेलो. थांब्यावर गाडी लागायची तेव्हा माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा आणि खाली नुसती फरशी. बावीस-तेवीस वर्षांचं एक पोरगं ती बस चालवत होतं, वळणावर क्लच सोडताना धक्का देत होतं, आणि मी तिकीट हातात धरून बसलेलो. माझ्या डोक्यात तिडीक जायची. अकराव्या दिवशी मी नीलेशला सांगितलं, मला गाडी भाड्याने घेऊन दे.

५

स्टिअरिंग डावीकडे. गिअर टाकायला डावा हात गेला की दारावर आपटायचा. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू. पहिले तीन दिवस मी घाबरून, हळू, नीट चालवली. आशा माझ्या उजवीकडे बसायची. मिनलने तिला बजावलं होतं, आई, बाबांना उजवीकडचं दिसायला त्रास होईल, मोठ्या रस्त्यावर निघताना तू बघ आणि बसमध्ये द्यायचीस तशी खूण दे. आशाला ते फार आवडलं. पुन्हा ड्यूटी लागली म्हणाली. डॅशबोर्डवर अंगठी मारून सिंगल, डबल द्यायची आणि स्वतःच हसायची.

चौथ्या दिवशी त्या डोंगरावरच्या चर्चला निघालो. तिकडे थेट बस जात होती, मिनलच्या घराच्या कोपऱ्यावरून. आशा म्हणालीसुद्धा, आज बसने जाऊ, व्हिन्सेंटभाऊंनी चौथ्या दिवसाचं सांगितलंय. मी म्हटलं, व्हिन्सेंटला काय कळतंय. तिच्या पर्समध्ये एडनासाठी घेतलेली मेणबत्ती होती. एका गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायचं होतं. उजवीकडे एक उंच व्हॅन उभी, मला काही दिसत नव्हतं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला. मग ठोके, मग मी गाडी काढली.

पोलिसांनी एक दुभाषी बाई आणली. तिला मी सांगितलं, माझ्या बायकोने दोन ठोके दिले, आमच्याकडे दोन म्हणजे चल. त्या बाईने ते लिहून घेतलं. शेजारी मिनल उभी होती, तिने ते ऐकलं. तेव्हापासून तेच चालत आलंय. आशाचं सगळं तिकडेच केलं. अस्थी मी महाडला नेऊन सावित्रीत सोडल्या. अंगठी मिनलने मागून घेतली, आता तिच्या बोटात असते. मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कुठे जायचं तर बसने जातो.

६

घरात उभं राहून राहून कंटाळलो, म्हणून एका सकाळी स्टेशनच्या सब-वेने पश्चिमेला गेलो आणि उत्तनची बस धरली. बसमध्ये गर्दी नव्हती. मी मुद्दाम उजवीकडच्या रांगेत, खिडकीला चिकटून बसलो. म्हटलं, आता माझ्या उजवीकडे काच आणि काचेपलीकडे रस्ता. बाकी माणसं, आवाज, उन्ह, सगळं होतं. फार दिवसांनी बरं वाटलं.

मुर्धे गेलं, राई गेलं. मोर्व्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि गाडीने वेग घेतला.

टक्.

काचेच्या बाहेरून. आणि या वेळी ब्रेक लागला. माझा नाही, ड्रायव्हरचा. बसलेली माणसं पुढे आपटली, एका बाईची मासळीची टोपली आडवी झाली. ड्रायव्हरने वळून कंडक्टरला विचारलं, घंटी का मारली. कंडक्टर म्हणाला, मी कुठे मारली, मी तिकीट काढतोय. दोघांची थोडी बाचाबाची झाली. मग ड्रायव्हरने आरशात पाहिलं, एकेक सीट करत, आणि माझ्याशी येऊन त्याची नजर थांबली. माझ्याकडे नाही, माझ्या आणि काचेच्या मध्ये. त्याने पटकन मान फिरवली. कंडक्टरने डबल दिली, गाडी निघाली, आणि उत्तन नाक्यापर्यंत तो ड्रायव्हर एकदाही आरशात बघेना. तोपर्यंत मला वाटत होतं, माझं डोकं फिरलंय. ते वाटणं बरं होतं हे मला त्या वेळी कळलं.

नाक्याला सगळे उतरले. मला उठता येईना. कंडक्टर म्हणाला, काका, लास्ट स्टॉप. मी त्याला व्हिन्सेंटचा नंबर दिला. व्हिन्सेंट आला, काही न विचारता माझ्या काखेत हात घालून त्याने मला उतरवलं आणि घरी नेलं. ओट्यासमोर बोंबील वाळत होते. त्याने पाणी दिलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, नेहापासून. तो बोंबलांकडे बघत ऐकत होता.

मग म्हणाला, "दोन ठोके दिले आशाबायनी. बरं. मधी किती येळ गेला?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, मिनलने नाही, जावयाने नाही. तो फक्त ड्रायव्हरच विचारू शकतो. डबलच्या दोन ठोक्यांत वेळ नसतोच. टकटक, श्वाससुद्धा मावत नाही. मी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"आशाबाय गेली," तो म्हणाला. "पोरगी हाय. तिला सांग."

मी म्हटलं, सांगितलं तर पोरगीही जाईल. तो उठला. बसपर्यंत सोडायला आला आणि डाव्या बाजूची सीट रिकामी होती तिथे मला बसवून गेला. मेणबत्तीचं त्याने तेव्हाही विचारलं नाही, आधीही कधी विचारलं नव्हतं.

७

रविवारी दुपारी मिनलचा व्हिडिओ कॉल येतो. त्या रविवारी मी दूध तापत ठेवलं होतं आणि गॅसकडे हात नेला तेवढ्यात सिंगल मिळाली. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला, गॅसचा वास यायला लागला, आणि माझा हात बटणापासून चार बोटांवर तसाच. नेहाला वर वास गेला म्हणून ती धावत आली. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून तिने कडी काढली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, काका, मिनलताईंना कळवते हं. मी म्हटलं, नको, मीच बोलतो. ती आतलं लाकडी दार उघडंच ठेवून, नुसती जाळी लोटून गेली.

साडेतीनला फोन वाजला. मिनल वाळली होती. इकडचं तिकडचं बोलली. मग मी विचारलं, कामावर कशी जातेस. ती म्हणाली, दोन बस बदलून, लांबून. थेट बस आहे पण ती आई गेली त्या चौकातून जाते. पाऊण तास जास्त लागतो. नीलेश म्हणतो, आता किती दिवस. मग एकदम म्हणाली, "बाबा, मीच आईला सांगितलं होतं ना खूण द्यायला. ती काय ड्रायव्हर होती का? तिला कसं कळणार होतं? मी सांगितलं नसतं तर तिने डबल दिली नसती."

एकवीस महिने माझी पोर हे गिळून बसली होती आणि मी इकडे लोकांना चहा पाजत तीच गोष्ट सांगत होतो. मी तोंड उघडलं.

टक्.

मिनल बोलायची थांबली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठी तिच्याच बोटात होती, मांडीवर ठेवलेल्या हाताच्या बोटात.

"बाबा," ती म्हणाली, "हा आवाज तुमच्याकडून आला?"

मी उजवीकडे पाहिलं नाही. तीन आठवडे सिंगल मिळाली की जीभसुद्धा टाळ्याला चिकटायची. त्या वेळी मी ती जबरदस्तीने सोडवली. ड्यूटीवर असतो तर सिंगल मोडली म्हणून साहेबांचा मेमो मिळाला असता.

"मिनल, ती डबल नव्हती," मी म्हटलं. "तिने एक ठोका दिला. मी थांबलो. मागचा हॉर्न मारत होता. मी तुझ्या आईवर खेकसलो. म्हटलं, 'आता इथेच मुक्काम करायचाय का?' एवढं पूर्ण बोललो मी, मिनल. आणि गाडी पुढे सरकवली. मग तिने दुसरा दिला. तोही सिंगलच होता. थांबा म्हणत होती ती, दोनदा म्हणाली. मी ते दोन धरले आणि काढली गाडी. मला तेव्हाच माहीत होतं."

मिनल माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मी पुढे म्हणालो की ती दुभाषी बाई विचारत होती तेव्हा तोंडातून ते निघून गेलं आणि मग परत घेता आलं नाही. पण ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"एकवीस महिने, बाबा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

८

त्याला आता चार रविवार झाले. मिनलचा फोन आलेला नाही. मी करतो, ती उचलत नाही. नीलेशचा एक मेसेज आला होता: मिनल बरी आहे, आता ती त्या थेट बसने कामावर जाते. तो मी रोज उघडून वाचतो. नेहा आणि साईराज ग्रीसहून परत आले, सगळीकडे बसने फिरले. नेहाला ती जाण्याआधीच मी सांगितलं होतं की काकूंची चूक नव्हती, माझी होती. ती बरं म्हणाली. मला खाली डबा आणून देते, पण बसत नाही.

आवाज बंद झालाय. मी चप्पल घालतो, निघतो, गॅस लावतो, काही अडत नाही. उजव्या हाताला भिंत आहे आणि कॅलेंडर आहे. कधी कधी मी मुद्दाम अर्ध्यात थांबून बघतो, पण नाही.

त्या रविवारी फोन बंद झाल्यावर मी तसाच बसलो होतो. खोलीत करपलेल्या दुधाचा वास होता. सिंगल मिळालेली होती त्यामुळे उठण्याचा प्रश्नच नव्हता. मनात म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, आशा, मी बसलोय.

तेव्हा डबल आली.

उजवीकडून नाही. अंगठीचीही नाही. सेफ्टी डोअरच्या पत्र्यावर, बाहेरून, तळहाताची. धप धप. मध्ये श्वास मावणार नाही अशी.

दाराशेजारी आशाने टिकली लावायला एक छोटा आरसा टांगलेला आहे. खुर्चीत बसलं की त्यात जाळीतून जिना दिसतो. मी मान न वळवता त्यात पाहिलं. जिन्याच्या वळणावर खाकी खांदा होता, त्यावर बॅगेचा पट्टा, आणि कठड्यावर हात. बोटात अंगठी नव्हती. एक पायरी, दुसरी पायरी, सावकाश, दिवसभर उभं राहून पाय दुखतात तशी. मग नुसता कठडा.

ती वळली नाही, तिला ती सवय नव्हती. माझा तळहात आपोआप पुढे गेला, स्टिअरिंगच्या मध्यावर असतो तिथे, आणि दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं. खाली गेटची कडी वाजली आणि मी तसाच हात पुढे धरून बसून राहिलो. हॉर्न द्यायचा राहिला.